आमच्या मुलांची गोष्ट कोणी सांगावी?

वाचकहो, मुलांच्या पुस्तकांचा प्रश्न आपल्या चळवळीत आजवर दुय्यम मानला गेला आहे. जमीन, नोकरी, शिष्यवृत्ती आणि गावोगावचे अत्याचार हे प्रश्न उंबरठ्यावर उभे असताना गोष्टीच्या पुस्तकाचे ते काय एवढे, असे कोणासही वाटणे साहजिक आहे. परंतु माणसाच्या मनात स्वतःविषयीची पहिली कल्पना कोठे आकार घेते, याचा शांतपणे विचार केला म्हणजे हा प्रश्न दुय्यम राहत नाही. जे मूल आठव्या-नवव्या वर्षी हाती आलेल्या प्रत्येक पुस्तकात दुसऱ्याचेच घर, दुसऱ्याचीच आई आणि दुसऱ्याचेच सण वाचते, ते हळूहळू असे धरून चालू लागते की आपले घर हे पुस्तकात येण्याच्या योग्यतेचे नाही. हा धडा त्याला कोणी मुद्दाम शिकवीत नाही. म्हणूनच तो खोल रुजतो आणि पुढे मोठेपणी उपटून काढणे कठीण जाते.

मुलांसाठी लिहिणारा लेखक आपल्या घरातून लिहितो, हा जवळजवळ सर्व देशांतला अनुभव आहे. आजीने सांगितलेली हकीकत, आईची शिस्त, बापाची चिंता, घरातील देवघर, ताटातील अन्न, अंगणातील खेळ ही त्याची सामग्री. यात त्याचा दोष काही नाही. प्रत्येक लेखकाने आपल्या घरातून लिहावे हेच योग्य. प्रश्न एवढाच आहे की ज्या समाजात काही घरांनाच लेखणी मिळाली आणि बाकीच्या घरांना शतकानुशतके ती नाकारली गेली, त्या समाजात 'मराठी मुलाचे घर' म्हणून जे चित्र उभे राहते, ते कोणाचे असते?

याचे सर्वांत ठळक उदाहरण घेऊ. साने गुरुजींनी 'श्यामची आई' हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिले व ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. दापोली तालुक्यातील पालगड हे गुरुजींचे गाव, तेथील आपले बालपण आणि आपली आई त्यांनी या पुस्तकात उतरविली. मराठीतील कोणत्याही मुलाच्या हाती आजही हे पुस्तक येते. साने गुरुजींच्या हेतूविषयी आम्हास शंका नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करणारा हा माणूस होता. त्यांच्या सद्भावाबद्दल पूर्ण आदर ठेवूनच आम्ही पुढील गोष्ट सांगत आहोत.

त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. एका वृद्ध महार स्त्रीची लाकडांची मोळी खाली पडते. ती तिला एकटीला उचलून डोक्यावर घेता येत नाही. श्यामची आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे आणि घरी येऊन आंघोळ कर. त्या काळाच्या, त्या गावाच्या आणि त्या घराच्या मानाने हे मोठे धाडस होते हे आम्हास मान्य आहे. ज्या मुलाच्या घरी स्पर्शाचा विटाळ पाळला जात होता, त्या मुलाला या प्रसंगाने खचित काही शिकविले असेल. परंतु वाचकहो, हाच प्रसंग त्या म्हातारीच्या नातवाने किंवा नातीने वाचला तर? त्या मुलाला आपली आजी ओळखू येते. तिच्या डोक्यावर मोळी आली याचा त्याला आनंद होतो. आणि लगेच पुढच्या वाक्यात त्याला कळते की तिला हात लावणाऱ्याला आंघोळ करावी लागते. पुस्तक श्यामबरोबर घरी जाते. मोळीखालच्या म्हातारीबरोबर कोणीच जात नाही. ती कोठून आली, मोळीचे तिला किती मिळाले, घरी तिची वाट कोण पाहत होते, रात्री तिने नातवंडांना कोणती गोष्ट सांगितली, याचा एक शब्दही आपणास मिळत नाही. मिळणार तरी कसा? लेखक त्या घरात राहत नव्हता. त्या घरात राहणाऱ्याने लिहिल्यावाचून ती गोष्ट लिहिली जाणे शक्य नव्हते.

ती लिहिली गेली. पण तिला जवळजवळ सत्तर वर्षे लागली. त्याच रत्नागिरी जिल्ह्याच्या मातीतून आलेल्या ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या आरंभीच गावाकडच्या बाया लाकूडफाटा, गवत, आंबे यांची ओझी डोक्यावर घेऊन डोंगरवाटेने रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या दिसतात. मोळी तीच, वाट तीच, बाईही तीच. परंतु येथे आपण तिच्या बाजूने चालत असतो. ती बोलते, हसते, चिडते, थकते. दयेचा विषय म्हणून ती क्षणभरही उभी राहत नाही. लेखिकेची आई बांबूची सुपे-टोपल्या, म्हणजे आयदाने, विणून घर चालवीत होती, आणि आईच्या त्या विणण्याशी आपल्या लिहिण्याचे नाते जोडून लेखिकेने पुस्तकाला नाव दिले. ही देखील 'आई'च आहे. श्यामच्या आईइतकीच ती शिकवणारी आहे. फरक एवढाच की तिची ओळख मराठी वाचकास त्याच्या प्रौढपणी होते, बालपणी होत नाही.

येथेच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्यानंतर प्र. ई. सोनकांबळे, लक्ष्मण माने, शंकरराव खरात, बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, लक्ष्मण गायकवाड आणि इतर अनेकांनी आपली आयुष्ये लिहून काढली. बेबीताई कांबळे यांनी तर आपले लिखाण कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले आणि मग ते 'जिणं आमुचं' म्हणून जगापुढे आले. या सर्व ग्रंथांची पाने उघडून पाहा. त्यांचा मोठा भाग बालपणाने भरलेला आहे: शाळेचा पहिला दिवस, वर्गाबाहेरची जागा, आजीचा स्वभाव, सणाचे मागून आणलेले अन्न, जत्रा, नदी, भांडणे, पहिले पुस्तक. मराठीत बालपणाचे एवढे सत्य आणि एवढे विपुल चित्रण दुसऱ्या कोणत्या साहित्याने केले असेल असे आम्हास वाटत नाही. आणि तरीही ही सारी बालपणे प्रौढांसाठी लिहिली गेली. बालकांच्या हाती देता येईल असे त्यांतून फार थोडे निर्माण झाले. आपण आपल्या लहानपणाची साक्ष न्यायालयात द्यावी तशी जगापुढे दिली. आपल्याच मुलांना मांडीवर घेऊन ती सांगावयाची राहिली.

असे अन्यत्र घडले काय, याचा शोध घेतला तर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा इतिहास डोळ्यांपुढे येतो. १९२० च्या जानेवारीच्या ३१ तारखेस बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला हे आपणा सर्वांना मुखोद्गत आहे. त्याच जानेवारी महिन्यात न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी कृष्णवर्णीय मुलांसाठी 'द ब्राउनीज बुक' नावाचे मासिक काढले, आणि जेसी फॉसेट या विदुषीने त्याच्या संपादनाचा भार वाहिला. आपण कुरूप नाही, आपला वंश हीन नाही, आपल्यातही थोर माणसे झाली, हे मुलांना त्यांच्याच भाषेत सांगावे असा त्याचा उद्देश होता. ते अवघे दोन वर्षे चालले. चोवीस अंक निघाले आणि डिसेंबर १९२१ मध्ये बंद पडले. पण लँगस्टन ह्यूज या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या कवीच्या अगदी आरंभीच्या कविता त्याच अंकांतून छापल्या गेल्या. १९४६ साली बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाविषयी विचारणा केली, आणि ड्यू बॉइस यांनी त्यांस सहानुभूतीचे उत्तर पाठविले. दोन्ही चळवळींना एकमेकींची ओळख होती. मोठ्यांसाठी पत्र काढण्यात आपण त्यांच्या मागे नव्हतो. मुलांसाठी पत्र काढण्यात मात्र ते आपल्या पुढे होते.

तेथील पुढचा अनुभवही बोधप्रद आहे. १९६५ साली नॅन्सी लॅरिक या बाईंनी तीन वर्षांत निघालेली मुलांची पाच हजारांहून अधिक पुस्तके तपासली. त्यांपैकी शंभरात सातही पुस्तकांत कृष्णवर्णीय माणूस आढळला नाही, प्रमाण ६.७ टक्के भरले. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१४ साली, वॉल्टर डीन मायर्स या लेखकाने पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा आधल्या वर्षीच्या सुमारे ३,२०० पुस्तकांपैकी अवघी ९३ पुस्तके कृष्णवर्णीयांविषयी होती. यावरून एक गोष्ट सिद्ध होते. कायदे बदलले, मतदानाचा हक्क मिळाला, राष्ट्राध्यक्षपदावर कृष्णवर्णीय मनुष्य बसला, तरी मुलांच्या पुस्तकांचे कपाट आपोआप बदलत नाही. ते कोणीतरी जाणीवपूर्वक बदलावे लागते.

ते कसे बदलते याचे उदाहरण म्हणजे मिल्ड्रेड टेलर. त्यांचा जन्म १९४३ साली मिसिसिपी राज्यात झाला. कुटुंब उत्तरेकडे ओहायो राज्यात गेले. पण त्यांचे वडील मुलांना दक्षिणेतील घराण्याच्या हकीकती सांगत असत. शाळेच्या पुस्तकातला इतिहास आणि वडिलांच्या तोंडचा इतिहास जुळत नाही, हे त्या मुलीच्या ध्यानात आले आणि त्या विसंगतीतून ती लेखिका झाली. १९७६ साली आलेल्या त्यांच्या 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' या कादंबरीस पुढील वर्षी न्यूबेरी पदक मिळाले. तीत एक प्रसंग असा आहे की कृष्णवर्णीयांच्या शाळेतील लहान मुलांना प्रथमच पुस्तके मिळतात. एक चिमुरडा आनंदाने पुस्तक उघडतो. आतल्या तक्त्यावर ते पुस्तक आजवर कोणाकोणाला दिले याची नोंद असते. गोऱ्या मुलांनी वर्षानुवर्षे वापरून पार जीर्ण झाल्यावर ते त्याच्या वाट्यास आलेले असते, आणि त्याच्या वंशापुढे हिणवणारा शब्द लिहिलेला असतो. मूल ते पुस्तक जमिनीवर आदळते. मुलांची आई त्याच शाळेत शिक्षिका असते. ती त्या तक्त्यावर कागद चिकटवून तो झाकून टाकते. वाचकहो, या प्रसंगात अपमान आहे, पण मूल अपमानाचा निव्वळ विषय नाही. ते विचारते, आदळते, नाकारते. त्याच्यामागे त्याची आई उभी आहे. घराण्याची जमीन आहे, आजी आहे, भावंडे आहेत. दुःखाला घराचा आधार मिळाला म्हणजे ते मुलांना वाचवते. त्यांना चिरडत नाही.

आपल्या देशातही हे घडू शकते याचा पुरावा आहे. हैदराबादच्या 'अन्वेषी' या स्त्री-अभ्यास केंद्राने २००८ साली मुलांसाठी वेगळ्या गोष्टींची एक माला काढली. तेलुगू, मल्याळम व इंग्रजी भाषांतील त्या पुस्तकांत दलित आणि मुसलमान घरांतील मुले कोणाच्या दयेवाचून वावरतात. गोगू श्यामला, मोहम्मद खदीर बाबू यांसारख्या लेखकांनी त्यात आपल्याच गल्लीतील, आपल्याच चुलीजवळील गोष्टी सांगितल्या. खदीर बाबूंच्या एका पुस्तकाचा विषयच घरी शिजणारे मुंडीचे कालवण हा आहे. शाळेच्या पुस्तकात ज्या ताटाचा उल्लेख कधी होत नाही, ते ताट येथे अभिमानाने मांडले आहे.

आणि आपल्या अगदी जवळचे उदाहरण म्हणजे स्वतः बाबासाहेबांची लेखणी. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत त्यांनी १९०१ सालचा आपला एक प्रवास वर्णिला आहे. मुले आपल्या वडिलांना भेटावयास निघाली आहेत. नवे सदरे, झगमगत्या टोप्या, नवे जोडे, पहिल्यांदा आगगाडीत बसण्याचा आनंद! मसूर स्थानकावर उतरल्यावर न्यावयास कोणी आलेले नाही. मुलांची जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी ठरते ते असे की भाडे दुप्पट द्यावयाचे, गाडी मुलांनीच हाकावयाची आणि गाडीवानाने बाजूने चालावयाचे. डब्यात अन्न आहे, पण पाणी कोणी देत नाही. मुले उपाशी निजतात. याहून उत्तम बालकथा कोणती असू शकेल? आरंभी उत्सुकता, मध्ये संकट, अखेरीस घर. आणि त्या सर्वांतून मुलाला कळलेले समाजाचे स्वरूप. मुलाच्या डोळ्यांनी मुलाच्या वयाचे सत्य सांगण्याची ही रीत खुद्द बाबासाहेबांनी घालून दिली आहे. पुढे २०११ साली दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी 'भीमायन' या चित्रग्रंथात हा प्रवास रंगविला. चित्रे चौकटींत कोंडण्यास त्यांनी नकार दिला आणि आपल्या घरांच्या भिंतींवरील 'दिग्ना' नक्षीतून पाने मोकळी ठेवली. एका समाजाची गोष्ट दुसऱ्या वंचित समाजाने आपल्या घरच्या कलेतून सांगितली; संस्कृतीचा उपयोग असा करावयाचा असतो.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप असा की कोवळ्या मनांवर जातीच्या दुःखाचे ओझे टाकू नये. हा आक्षेप दयाळू दिसतो, परंतु तो कोणत्या मुलांना समोर ठेवून केला जातो? ज्या मुलाला वर्गात आडनाव विचारले जाते, त्याला जात पुस्तकातून कळत नाही. ती त्याला अगोदरच कळलेली असते. पुस्तकाने तिचा उच्चार टाळला तर त्याचे ओझे हलके होत नाही, ते त्याला एकट्याने वाहावे लागते, एवढेच. दुसरा आक्षेप असा की बालसाहित्य सर्व मुलांचे असते, त्यात तुमचे-आमचे कशाला? हे म्हणणे तत्त्वतः खरे आहे. पण मग पालगडच्या ब्राह्मण घरातील देवपूजा, व्रते आणि मुंज सर्व मुलांची होऊ शकते, तर विहारातील वंदना, १४ एप्रिलची मिरवणूक आणि आईच्या हातचे आयदान सर्व मुलांचे का होऊ नये? सार्वत्रिक होण्याचा मार्ग प्रत्येकाच्या उंबऱ्यातूनच जातो.

परंतु आक्षेपकांना उत्तर देऊन आपले कर्तव्य संपत नाही. आपणही आपल्याकडे पाहिले पाहिजे. मुलांसाठी म्हणून आपल्या समाजात जी पुस्तके निघतात, त्यांपैकी पुष्कळशी बाबासाहेबांची, भगवान बुद्धांची, जोतीराव व सावित्रीबाईंची चरित्रे असतात. ती हवीतच. पण त्यांतील बाबासाहेब बहुधा पुतळ्याप्रमाणे बोट उंचावून उभे असतात. टोपी घालून आगगाडीत बसलेला, वडिलांची वाट पाहणारा, तहानलेला मुलगा त्यांत क्वचित भेटतो. महापुरुषाचे चरित्र मुलाला उंच पाहावयास शिकवते, परंतु स्वतःकडे पाहावयास शिकवीत नाही. त्यासाठी साधा मुलगा व साधी मुलगी गोष्टीत हवी. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या घरांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता ही नावे नांदू लागली. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या ६५ लाखांवर गेली. या लक्षावधी घरांतील मिलिंद आणि सुजाता पतंग उडवताना, परीक्षेत नापास होताना, चाळीतल्या नळावर भांडताना, आजोबांचा चष्मा लपवताना पुस्तकात दिसावयास नकोत काय?

दुसरी सावधगिरी अशी की आपले घर म्हणजे केवळ दुःखाचे कोठार, असे चित्र मुलांपुढे ठेवू नये. आपल्या आयाबायांनी जात्यावर ओव्या रचल्या, भीमगीते गाइली, अर्ध्या भाकरीत पाहुण्याला वाटेकरी करून घेतले, स्वतः अंगठा उठवून मुलाला पाटीपेन्सिल दिली. हाही इतिहास आहे. त्याचप्रमाणे घरातील उणिवाही झाकू नयेत. बापाचा धाक, मुलीवर लादलेली कामे, जुन्या रूढींचा चोरपावलांनी होणारा शिरकाव हे मुलांना दिसतच असते. खोटे घर रंगविणाऱ्या पुस्तकावर मूल विश्वास ठेवीत नाही. भाषेच्या बाबतीतही तेच. आजी ज्या बोलीत बोलते ती बोली पुस्तकात आली म्हणजे मुलाला तिची लाज वाटेनाशी होते, आणि प्रमाण मराठी शिकण्यास त्यामुळे काही बाधही येत नाही.

कथेचा वारसा आपणास नवा नाही. पाली जातकग्रंथात पाचशे सत्तेचाळीस जातके आहेत. माकड, हरीण, हत्ती, लावा पक्षी यांच्या तोंडून नीती सांगण्याची ही परंपरा जगातील जुन्या कथापरंपरांपैकी एक आहे. धम्म स्वीकारताना हा खजिनाही आपल्या हाती आला. तो मुलांच्या भाषेत उतरविणे आणि त्याच्या शेजारी आपल्या आजी-आजोबांच्या खऱ्या हकीकती ठेवणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हावयास हवीत.

मग करावयाचे काय? ज्यांच्या घरी वृद्ध माणूस आहे त्यांनी त्याच्याजवळ वही घेऊन बसावे. तुम्ही शाळेत पहिल्यांदा कधी गेलात, गाव का सोडले, दीक्षेच्या दिवशी घरातील देव कोणी काढले, लहानपणी कोणता खेळ खेळत होता, असे विचारावे. दीक्षाभूमीवर प्रत्यक्ष उभे राहिलेली पिढी झपाट्याने आपल्यातून जात आहे; तिच्याबरोबर जाणारी गोष्ट पुन्हा मिळणार नाही. आपल्या शिक्षकांनी, विशेषतः शिक्षिकांनी, त्या हकीकतींतून मुलांना वाचता येतील अशा छोट्या गोष्टी कराव्यात. प्रत्येक विहारात धम्मग्रंथांच्या शेजारी मुलांचे एक फडताळ असावे आणि आठवड्यातून एक तास गोष्टीचा असावा. महाराष्ट्रात १९६७ सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. आपल्या गावच्या अनुदानित वाचनालयात मुलांसाठी कोणती पुस्तके घेतली जातात हे विचारण्याचा प्रत्येक नागरिकास हक्क आहे, आणि तो बजावावा. आपल्या प्रकाशकांनी दरवर्षी जयंतीस निघणाऱ्या पुस्तकांत निदान एक तरी मुलांचे नवे पुस्तक काढावे, आणि आपण ते विकत घ्यावे. न विकले जाणारे पुस्तक दुसऱ्यांदा निघत नाही.

वाचकहो, ज्यांनी आपल्याला लिहिण्याची बंदी केली त्यांच्याशी आपण लढलो आणि लेखणी मिळविली. त्या लेखणीने आपण घटना लिहिली, कविता लिहिली, आत्मकथने लिहिली. आता मुलांसाठी लिहावयाचे आहे. ती मोळी वाहणारी म्हातारी घरी पोहोचली असेल. तिने मोळी उतरविली असेल, पदराने घाम पुसला असेल आणि नातवंडे तिच्याभोवती जमली असतील. तिने त्यांना काय सांगितले, हे तिच्याच घरातील कोणीतरी लिहिले पाहिजे. ते घर आपले आहे.

जय भीम.